सायकलीची वाट आणि सभागृहातील प्रश्न

रस्त्यावरून सायकलने जाणाऱ्या माणसाच्या जिवाची हमी कोणी घ्यावयाची, असा विषय निघाला म्हणजे आपण बहुधा त्या माणसाच्याच सावधपणाकडे बोट दाखवितो. त्याने शिरस्त्राण घालावे, मागे तांबडा दिवा लावावा, रस्त्याच्या डाव्या कडेने जावे, असा उपदेश करून मोकळे होतो. उपदेश खोटा नाही. परंतु ज्या कडेने जावयास आपण त्यास सांगतो ती कडा किती रुंद आहे, तिच्यावर काय उभे आहे, तिच्यात खड्डा कोठे आहे आणि चौकाच्या अलीकडे ती एकाएकी कोठे नाहीशी होते, यांपैकी काहीही त्या सायकलस्वाराच्या हातात नसते. ते सर्व ठरते महानगरपालिकेच्या पथ विभागात, अंदाजपत्रकाच्या एखाद्या लेखाशीर्षात, निविदेतील एखाद्या कलमात. आणि या सर्व दप्तराला लोकांच्या वतीने जाब विचारण्याची जी नियमबद्ध जागा कायद्याने करून ठेवली आहे, ती म्हणजे नगरसेवकांचे सभागृह. सायकलस्वाराची सुरक्षितता आणि पालिकेच्या कारभाराचा उघडेपणा हे विषय मी येथे एकत्र घेतले आहेत, ते पहिल्याची उकल दुसऱ्यावाचून होत नाही अशी माझी खात्री झाली आहे म्हणून.

उदाहरणासाठी पुण्यासारखे दुसरे शहर नाही. सायकलींचे शहर ही या गावाची ख्याती एके काळी सर्व हिंदुस्थानात होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली म्हणजे रस्ता सायकलींनी भरून जाई. पेठापेठांतून तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने असत. शिक्षक, कारकून, महाविद्यालयातील मुले आणि मुली सर्वांचे वाहन तेच. पालिका सायकलीवर कर घेई आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत. म्हणजे सायकलस्वार हा त्या काळी पालिकेच्या हिशेबात करदाता म्हणून नोंदलेला होता. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली, शहर चहूकडे पसरले, अंतरे वाढली, आणि रस्ते रुंद होत गेले ते मोटारींच्या सोयीने. आज पुण्यात सायकलीवर दिसणारा माणूस पुष्कळदा रखवालदार असतो, वृत्तपत्रे टाकणारा मुलगा असतो, बांधकामावरचा मजूर असतो. हौसेने भल्या पहाटे निघणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे हे खरे, पण दुसरे वाहन परवडत नाही म्हणून सायकल चालविणारा आजही रस्त्यावर आहेच, आणि त्याच्यासाठी सभागृहात बोलणारे कोणी नसले तर त्याचे दुःख दप्तरात नोंदलेही जात नाही.

कागदावर पाहिले तर या शहराने सायकलस्वारासाठी थोडे केलेले नाही. केंद्र शासनाने २००६ साली राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले आणि रस्त्यावरील जागा वाहनांच्या हिशेबाने नव्हे, तर माणसांच्या हिशेबाने वाटावी हे तत्त्व त्यात मान्य केले. त्याच सुमारास जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेच्या निधीतून पुण्यात बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांची योजना, आली, आणि सातारा रस्ता व सोलापूर रस्ता यांच्या कडेने सायकल मार्ग बांधण्यात आले. पुढे २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखड्यास मंजुरी दिली. त्यात सुमारे ८२४ किलोमीटर लांबीच्या सायकल मार्गांचे जाळे कल्पिले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस औंध भागात आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या, लोकांनी त्यांचे कौतुक केले, आणि दोन-तीन वर्षांत त्या नाहीशाही झाल्या. आराखड्यातील जाळ्याचा मोठा भाग अजून नकाशातच आहे.

जो भाग बांधला गेला त्याची अवस्था पाहावयाची असेल तर कोणत्याही जुन्या सायकल मार्गावरून अर्धा कोस चालून पाहावे. पदपथाला लागून लाल किंवा करड्या पेव्हर ब्लॉकची एक पट्टी सुरू होते. शंभर पावलांवर तिच्यात विजेचा डी.पी. उभा असतो, त्यापुढे झाडाचे खोड, त्यापुढे बसथांबा. सोसायटीच्या फाटकाशी पट्टी उतारावरून खाली जाते आणि पलीकडे वर चढावयाचे तर मध्ये चार बोटांची उभी कड राहिलेली असते. चेंबरचे झाकण ब्लॉकच्या पातळीखाली दबलेले असते. पावसाळी गटारावरील जाळीच्या पट्ट्या जर रस्त्याच्या दिशेने लांबट बसविलेल्या असतील, तर सायकलीचे अरुंद पुढचे चाक त्यांच्या फटीत अलगद उतरते आणि स्वार डोक्यावर पडतो. त्याच पट्ट्या आडव्या बसविल्या असत्या तर काहीच घडले नसते, आणि खर्चात एका पैशाचाही फरक पडला नसता. शेवटी चौक येतो. चौकाच्या वीस-पंचवीस पावले अलीकडेच पट्टी संपते, आणि जेथे बस व ट्रक डावीकडे वळतात, जेथे चालकाला आपल्या डाव्या बाजूस खाली असलेली सायकल दिसत नाही, नेमक्या त्या ठिकाणी सायकलस्वाराला मुख्य प्रवाहात सोडून दिले जाते.

चौकाला एवढे महत्त्व का, हे थोडे शास्त्राच्या आधाराने पाहणे आवश्यक आहे. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या त्याच मोटारीपेक्षा जवळजवळ पावणेतीनपट आघात करते. पहिला आघात मानवी शरीराला जीवघेणा ठरण्याचा संभव दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. यावरून अभियंत्यांनी जो नियम काढला तो सरळ आहे: जेथे वाहनांचा वेग कमी ठेवता येतो तेथे सायकल आणि मोटार एकाच रस्त्यावर चालू द्यावी, जेथे वेग अधिक आहे तेथे दोघांच्या मध्ये ओलांडता न येणारी कड असावी, आणि चौकात दोघांचे मार्ग एकमेकांस छेदत असल्यामुळे तेथे वळणारे वाहन हळू होईल व त्याच्या चालकास सायकल समोर दिसेल अशी रचना करावी. नुसती पांढरी रेघ ओढल्याने मोटार थांबत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्गांविषयीची मानके १९६२ सालीच प्रसिद्ध केली, २०१५ साली ती नव्याने सुधारली; मार्ग किमान दोन मीटर रुंद असावा ही अपेक्षा त्या पहिल्या पुस्तिकेतही आहे. तेव्हा ज्ञान नव्हते म्हणून रस्ते असे झाले, ही सबब चालण्यासारखी नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आल्यापासून, रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर संबंधित प्राधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता सभागृहाकडे वळू. मुंबई सोडून महाराष्ट्रातील महानगरपालिकांची घटना १९४९ च्या अधिनियमाने ठरविली आहे, आणि तिच्यातील एक गोष्ट सामान्य मतदाराच्या ध्यानात सहसा येत नाही. विलायतेत नगरपरिषदेचा नेता हा स्वतः निवडून आलेला सभासद असतो व कारभाराची जबाबदारी त्याच्या मंत्रिमंडळवजा समितीवर असते. आपल्याकडे महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवितो, परंतु अंमलबजावणीचा सर्व अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती असतो. नगरसेवक धोरण ठरवितात, अंदाजपत्रक मंजूर करतात, सोळा सभासदांची स्थायी समिती ठेक्यांना मान्यता देते, आणि केलेल्या कामाचा जाब मात्र आयुक्ताला विचारावयाचा असतो. त्यासाठी अधिनियमाने सभासदाला लेखी प्रश्न विचारण्याचा हक्क दिला आहे. प्रश्नाची सूचना मुदतीत नगरसचिवांकडे द्यावी लागते. प्रश्नात तर्कवितर्क, उपरोध किंवा बदनामीकारक मजकूर चालत नाही, केवळ मतप्रदर्शन मागता येत नाही. हे निर्बंध कोणास जाचक वाटतील. मला ते प्रश्नाला धार आणणारे वाटतात.

या हक्काला पुण्यात इतिहास आहे. गोपाळ कृष्ण गोखले विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. तेव्हा त्यांनी सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली आणि सभेचे वृत्तान्त लोकांसाठी प्रसिद्ध करण्याची प्रथा घातली, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकाचे आकडे उलगडून दाखविणाऱ्या या पुरुषाला नळ, गटारे आणि रस्ते यांचा हिशेबही तितकाच आदराचा वाटला, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. त्याआधी १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले त्याच नगरपालिकेचे सभासद होते, आणि व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावास त्यांनी एकट्याने विरोध केला. ठराव संमत झाला. विरोधही दप्तरात राहिला, आणि आज आपल्याला त्याची माहिती आहे ती त्यामुळेच.

प्रश्न विचारला म्हणजे उत्तर मिळतेच असे नाही. ज्यांनी पालिकेची प्रश्नोत्तरे वाचली आहेत त्यांना काही ठरावीक वाक्ये पाठ असतील: काम प्रगतिपथावर आहे, निविदा प्रक्रिया सुरू आहे, प्रस्ताव विचाराधीन आहे, माहिती संकलित करण्यात येत आहे. या वाक्यांत असत्य काही नसते, आणि माहितीही काही नसते. त्यातून अनेकदा सभा सुरू होताच श्रद्धांजली वाहून तहकूब होते, कार्यपत्रिका जशीच्या तशी पुढल्या महिन्यावर जाते, आणि अपघाताच्या आठवड्यात विचारलेला प्रश्न लोक तो अपघात विसरल्यावर पुकारला जातो. परंतु दोष सगळा उत्तर देणाराचाच असतो असे नव्हे. शहरात सायकल मार्गांची सद्यःस्थिती काय, असा प्रश्न विचारला तर त्याला प्रगतिपथावाचून दुसरे उत्तर येणार नाही. मंजूर आराखड्यातील किती किलोमीटर बांधून पूर्ण झाले, त्यांपैकी कोठेही न उतरता सलग जाता येईल असे किती, त्यावर विजेच्या पेट्या, थांबे आणि पक्की बांधकामे मिळून किती अडथळे आहेत, गेल्या तीन वर्षांत देखभालीवर कोणत्या लेखाशीर्षातून किती रक्कम खर्ची पडली, आणि किती चौकांत मार्ग चौकापलीकडे नेलेला आहे, असे विचारले म्हणजे मात्र खात्याला मोजपट्टी घेऊन बाहेर पडावे लागते. माझ्या मते या सर्वांत सलग हा एक शब्द अत्यंत महत्त्वाचा आहे. कारण तुकड्यातुकड्यांची बेरीज करून कितीही मोठा आकडा दाखविता येतो, पण सायकलस्वार बेरजेवरून जात नाही, तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो.

पैशाचाही असाच शोध घ्यावा लागतो. अंदाजपत्रकात सायकल मार्गासाठी रक्कम धरली, तिची बातमी झाली, सर्वांना समाधान वाटले. वर्षाच्या उत्तरार्धात मात्र ती रक्कम वर्गीकरणाच्या प्रस्तावाने दुसऱ्या कामाकडे वळविता येते. वर्गीकरण बेकायदा नसते, त्याला रीतसर मंजुरी असते. पण ते कार्यपत्रिकेच्या शेवटच्या पानांवर अनेक विषयांच्या गर्दीत येते, आणि दक्ष सभासदाशिवाय ते कोणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून तरतूद किती होती याबरोबरच प्रत्यक्ष खर्च किती झाला आणि शिल्लक कोठे गेली, हे एकाच प्रश्नात विचारले पाहिजे.

अपघातांच्या माहितीची गोष्ट याहून कठीण. केंद्र शासनाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार. शहरापुरता तपशील पालिकेला विचारला तर ती पोलिसांकडे बोट दाखविते, आणि पोलिसांच्या दप्तरात गुन्ह्याचे कलम असते, रस्त्याची रचना नसते. राष्ट्रीय महामार्गांसाठी अपघातप्रवण स्थळ ठरविण्याचा जो निकष आहे, त्यात सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. सायकलस्वार एकेकटे, वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. हात मोडलेला मजूर पोलीस चौकीत न जाता घरी जातो. त्यामुळे सायकलस्वाराला धोक्याची असलेली जागा या निकषाने यादीत येण्याची शक्यता फारच थोडी. मृत्यूंची वाट न पाहता जागा शोधावयाच्या तर रुग्णालये, पोलीस आणि पथ विभाग यांच्या नोंदी एकत्र आणाव्या लागतील, आणि तसा आदेश सभेने ठराव करून मागितला पाहिजे.

सभागृहातील प्रश्नांनी खरोखर काही फरक पडतो काय, अशी शंका घेणाराने लंडनचे उदाहरण पाहावे. तेथे २५ सभासदांची लंडन असेंब्ली वर्षातून दहा वेळा महापौराला समोर बसवून प्रश्न विचारते, आणि लेखी उत्तरे सर्वांना पाहावयास खुली असतात. शहराच्या पूर्व भागात बो या ठिकाणी जो सायकल मार्ग २०११ साली सुरू झाला, तो बऱ्याच अंशी निळ्या रंगाचा नुसता पट्टा होता. तेथील चौकात त्याच वर्षी दोन सायकलस्वार मृत्यू पावले. पुढे २०१३ च्या नोव्हेंबरात अवघ्या पंधरवड्यात लंडनमध्ये सहा सायकलस्वार मेले. त्या महिन्यातील सवालजवाब अत्यंत तीव्र होते. महापौराने प्रथम सायकलस्वारांच्या वर्तनाकडेही बोट दाखविले, तेव्हा सभासदांनी आणि नागरिकांनी त्यास पुन्हा पुन्हा रस्त्याच्या रचनेकडे आणले. नुसता रंग पुरेसा नाही, ही गोष्ट पुढील काही वर्षांत तेथील शासनाने कृतीने मान्य केली; बोच्या मार्गावर कड बांधून वेगळी वाट झाली, आणि २०१६ साली टेम्स नदीकाठाने मोटारींपासून अलग असा लांब मार्ग खुला झाला. हे सर्व प्रश्नांनीच झाले असा दावा मी करणार नाही. रस्त्यावर निदर्शने झाली, मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने लेखी इशारा दिला, वृत्तपत्रांनी मोहीम चालविली. परंतु या सर्व आवाजांना तारीखवार, लेखी आणि नाकारता न येणारे उत्तर मिळविण्याची जागा सभागृह हीच होती.

पुण्यातील सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील वाद न्यायालयात गेले, निवडणुका लांबत राहिल्या, आणि नवे सभागृह निवडून येईपर्यंत आयुक्त हेच प्रशासक म्हणून कारभार पाहत राहिले. या व्यवस्थेत खात्याने मांडलेला प्रस्ताव स्थायी समितीच्या अधिकारात मंजूर करणारा आणि मुख्य सभेच्या अधिकारात त्यावर शिक्कामोर्तब करणारा अधिकारी एकच असतो. तो कितीही सचोटीचा असो, त्याला प्रश्न विचारणारा कोणी नसतो. कित्येक कामे या काळात वेगाने झाली असतील. पण ती का झाली, दुसरी का राहिली, आणि कोणत्या पर्यायांचा विचार झाला, याचे प्रश्नोत्तर दप्तरात नाही. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याविषयी फारशी हळहळ कोणी व्यक्त केली नाही. मला ते फार मोठे वाटते.

सभागृह नसले तरी नागरिकाचे हात अगदीच बांधलेले नसतात. माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आहे. त्याखाली अर्जाचे उत्तर तीस दिवसांत मिळावे लागते, आणि चौथ्या कलमाप्रमाणे बरीच माहिती अर्जावाचूनच प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे. पुणे महापालिकेने २००९ साली दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अभिलेख नागरिकांना पाहावयास खुले करण्याची प्रथा सुरू केली, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने परिपत्रक काढून ती महाराष्ट्रभर नेली. कामाची मोजमाप पुस्तके, ठेकेदाराची देयके, रस्त्याचा मंजूर आराखडा, ही कागदपत्रे तेथे मागता येतात. आराखड्यात दोन मीटर दाखविलेली वाट जागेवर सव्वा मीटर भरली, हे सिद्ध करावयास एक टेप आणि एक दुपार पुरे. पण असा पुरावा नागरिकाच्या हाती राहिला तर तो तक्रार ठरतो. तोच नगरसेवकाने सभागृहात मांडला म्हणजे त्याला उत्तर देणे प्रशासनास भाग पडते.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या प्रभागातील नगरसेवकाकडे गटार, दिवा, पाणी यांसाठी आपण जातोच. एकदा सायकलीच्या वाटेसाठी जावे. वाटेची मोजमापे व छायाचित्रे बरोबर न्यावीत, वर सांगितले तसे नेमके प्रश्न लिहून द्यावेत, ते लेखी प्रश्न म्हणून नगरसचिवांकडे दाखल करावयास सांगावे, आणि उत्तर आल्यावर त्याची नक्कल मागून घ्यावी. उत्तरात आकड्याऐवजी प्रगतिपथ आला, तर पुढल्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा द्यावयास लावावा.